इटली पाहावी ती चौकातून

आपल्या वस्त्यांमधून आता परदेशाच्या सहलीची भाषा ऐकू येऊ लागली आहे. कोणाचा मुलगा शिकून युरोपात नोकरीला लागलेला असतो. कोणी महापालिकेतून, रेल्वेतून किंवा बेस्टमधून निवृत्त होतो आणि हाती आलेल्या ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला काढून एकदा तरी बायकोला विमानात बसवीन म्हणतो. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांनी मुंबईसुद्धा गिरणीच्या भोंग्यापुरतीच पाहिली, त्यांच्या नातवंडांनी जग पाहावे, यात वावगे काही नाही.

मात्र पैसा घामाचा असतो, म्हणून तो कशावर घालतो याचा विचार हवा. आठ दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहली असतात. सकाळी बसमध्ये बसायचे, दुपारी एखाद्या राजवाड्यासमोर फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत बसमध्ये. घरी आल्यावर शेजारीण विचारते, तिकडची माणसे कशी राहतात हो? त्या प्रश्नाला उत्तर नसते. आम्ही आज एकच देश घेतो, इटली, आणि अकरा दिवसांची सुट्टी तिथल्या माणसांच्या राहणीभोवती कशी आखावी ते सांगतो. राजवाडे, चर्चे, चित्रे तिथे खूप आहेत आणि ती जरूर पाहावीत. पण त्या देशाने जगाला दिलेली मोठी गोष्ट चौकात, कष्टकऱ्याच्या ताटात आणि सुट्टीच्या दिवसात सापडते, असे आमचे मत आहे.

सुट्टी हा हक्क

इटलीचे संविधान १ जानेवारी १९४८ रोजी लागू झाले. त्याच्या पहिल्याच कलमात इटली हे श्रमावर उभे असलेले लोकशाही प्रजासत्ताक आहे असे म्हटले आहे. छत्तिसावे कलम त्याहून महत्त्वाचे. कामगाराला आठवड्याची विश्रांती आणि वर्षाची भरपगारी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही, असा त्याचा आशय आहे. मालकाने दमदाटी करून 'मला सुट्टी नको' असे लिहून घेतले तरी त्या कागदाला किंमत नाही. इटालियन माणूस निवांत जगतो, दुपारी जेवायला बसतो, संध्याकाळी फिरतो, ऑगस्टात गावी जातो, असे आपण ऐकतो. त्याला लोक स्वभाव म्हणतात. त्या स्वभावामागे लढा आहे.

उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भाताची शेती आहे. तिथे भात खणणाऱ्या बायकांना मोंदिने म्हणत. मे महिन्याच्या अखेरीस दूरदूरच्या गावांतून त्या आगगाडीने येत आणि सुमारे चाळीस दिवस गुडघाभर पाण्यात वाकून तण काढीत. पाठ मोडे, पाय सडत, डास फोडून काढत. मजुरीचा काही भाग तांदळातच मिळे. आपल्याकडे आवणी-खणणीला गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. या बायकांनी संप केले, रेल्वेच्या रुळांवर आडव्या झाल्या, आणि १९०६ साली वेर्चेल्लीच्या भातशेतीत आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. पुढे १९४९ साली त्यांच्या जीवनावर 'रीझो आमारो' म्हणजे 'कडू भात' नावाचा चित्रपट आला आणि जगभर गाजला. आज मोठ्या हॉटेलांतून महाग विकला जाणारा रिझोत्तो हा याच खोऱ्यातल्या तांदळाचा मऊ भात आहे.

१९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला. त्याने १९२३ मध्ये मे दिनाची सुट्टीच रद्द केली. मग लोकांना खूश ठेवण्यासाठी १९३१ पासून रविवारच्या स्वस्त आगगाड्या सोडल्या. समुद्र पाहा, फिरा, पण संघटना करू नका, असा तो सौदा होता. सुट्टी कोणी मेहेरबानी म्हणून देतो की ती आपल्या हक्काची असते, यातला फरक इटलीच्या कामगाराने असा अंगावर झेलून शिकला. २५ एप्रिल १९४५ हा मुक्तीचा दिवस ठरला. २ जून १९४६ रोजी लोकांनी मत देऊन राजाला घरी पाठवले. त्या राष्ट्रीय मतदानात बायकांनी प्रथमच मत दिले आणि घटना समितीत एकवीस बायका निवडून आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडेही घटना समिती बसली, हे ध्यानात ठेवले म्हणजे हा इतिहास परका वाटत नाही.

कधी जावे

वरच्या तारखांवरूनच आपली सहल आखता येते. आमचा सल्ला असा, की २४ एप्रिलला पोहोचावे आणि ४ मे रोजी निघावे. तिथे तेव्हा हवा छान असते, ऊन सोसवते आणि एक स्वेटर पुरतो. २५ एप्रिलला सरकारी संग्रहालयांत व पुराण अवशेषांत प्रवेश विनामूल्य असतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीही तसेच. अठरा वर्षांखालील मुलांना तर सरकारी संग्रहालयांत कधीच तिकीट नसते, मग ती कोणत्याही देशाची असोत. गर्दी मात्र होते, म्हणून सकाळी उघडण्याआधी रांगेत उभे राहावे आणि कुठे नाव नोंदवावे लागते ते आधी पाहून ठेवावे. १ मे रोजी गावोगावच्या चौकांत कामगार संघटनांचे मेळावे असतात. रोममध्ये तीन मोठे कामगार महासंघ मिळून १९९० पासून या दिवशी मोठी विनामूल्य मैफल भरवतात. त्या दिवशी बस व दुकाने मात्र कमी चालू असतात, तेव्हा दूध-पाव आदल्या दिवशीच आणून ठेवावा.

ऑगस्टात शक्यतो जाऊ नये. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो हा सण असतो. त्याच्या मागेपुढे शहरातला माणूस समुद्रावर किंवा डोंगरात जातो. घरगुती खानावळी, लहान दुकाने कुलपात असतात, ऊन तापलेले असते आणि उरतात ते फक्त पर्यटक.

त्यांचा दिवस कसा असतो

आपण पाहुणे आहोत, तेव्हा त्यांच्या घड्याळाप्रमाणे चालावे. त्यात पैसेही वाचतात.

सकाळी माणूस कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातो. नाव बार असले तरी तो मुख्यतः कॉफीचा ठेला आहे. बायका-मुले, आजोबा, झाडूवाले, वकील सगळे तिथेच येतात. उभ्याने काउंटरवर कॉफी प्यायची आणि एक गोड बन खायचा, झाली न्याहारी. उभ्याने प्यायल्यास दर कमी, टेबलाशी बसल्यास जास्त. प्रसिद्ध चौकात तर बसण्याचे दर दुप्पट-तिप्पटही होतात. दरपत्रक लावलेले असते, ते आधी वाचावे. साधी कॉफी सव्वा-दीड युरोच्या आसपास मिळते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवायची असते. आत शिरताना 'बुओन्जोर्नो' म्हणजे 'नमस्कार' म्हणावे. न बोलता थेट वस्तू मागणे त्यांना उद्धट वाटते. त्यांच्या भाषेतही आपल्या 'तू' आणि 'आपण' सारखा भेद आहे. अनोळखी माणसाला, मग तो झाडू मारणारा का असेना, मानानेच हाक मारतात.

दुपारचे जेवण एक ते अडीच. त्यानंतर लहान गावांत दुकाने चार-साडेचारपर्यंत बंद असतात. याला आळस म्हणू नये. ती वेळ जेवणाची व घरच्यांची आहे. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आत सहसा मिळत नाही. खानावळीत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो बसण्याचा आकार असतो. तो दरपत्रकावर लिहिलेला असतो, ती फसवणूक नव्हे. बक्षिसी देण्याची सक्ती नाही.

आणि संध्याकाळी पास्सेज्जाता. म्हणजे दिवे लागायच्या वेळी चांगले कपडे करून सगळे घर मुख्य रस्त्यावर व चौकात फेरी मारते. काही विकत घ्यायचे नसते. म्हातारे बाकावर बसतात, पोरे चेंडू खेळतात, पोरीबाळी हातात हात घालून फिरतात, ओळखीचे थांबून बोलतात. याला तिकीट नाही. आमच्या मते संपूर्ण सहलीतला हा सगळ्यात मोलाचा तास आहे. रोज संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ मोकळा ठेवावा आणि चौकात बसून राहावे.

रोम : चार दिवस

रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीवरून लोक त्यांना 'नासोनी' म्हणजे 'मोठी नाके' म्हणतात. १८७४ पासून ते बसवले गेले आणि आज सुमारे अडीच हजार आहेत. त्यांतून पिण्याचे पाणी दिवसरात्र वाहत असते. मंत्री असो की भिकारी, ओंजळ लावावी आणि प्यावे. कोणी कोणाला विचारत नाही, तू कोण. आपल्या मुलांना त्या नळाचे पाणी पाजावे आणि जवळची बाटलीही भरून घ्यावी. दुकानात पाणी विकत घ्यायची गरज उरत नाही.

२५ एप्रिलला कोलोसियम पाहावे. इसवी सन ८० मध्ये ते सुरू झाले. तिथे गुलामांना व युद्धकैद्यांना एकमेकांशी आणि जनावरांशी झुंजवीत आणि लोक टाळ्या पिटीत. वाटाड्या हे सांगतोच. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट बसण्याच्या जागांची आहे. अगदी पुढे सरदार, मग श्रीमंत, मग सामान्य नागरिक, आणि सगळ्यात वर, जिथून खालचे काही धड दिसत नसे, तिथे गरीब, बायका आणि गुलाम. पायऱ्यांकडे पाहून मुलांना हा हिशेब समजावून द्यावा. दगड मग बोलू लागतात.

दुसऱ्या दिवशी तेस्ताच्चो नावाच्या भागात जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे शहराचा मोठा कत्तलखाना झाला. तो १९७५ पर्यंत चालला. चांगले मांस वरच्या घरांत जाई. आतडी, पोट, शेपटी, डोके, काळीज हे उरलेसुरले कामगारांना मजुरीचा भाग म्हणून मिळे. त्याला 'पाचवा हिस्सा' असे नाव पडले. कामगारांच्या बायकांनी त्याच हिश्शातून टोमॅटो, सेलरी, पुदिना घालून रस्से रांधले. शेपटीचा रस्सा 'कोदा आल्ला वाच्चिनारा' आणि पोटाची 'त्रिप्पा' आज रोमची ओळख मानली जाते. लोक त्यासाठी रांगा लावतात. फ्लॉरेन्समध्येही गायीच्या चौथ्या पोटाचे तुकडे पावात घालून हातगाडीवर विकतात आणि सुटाबुटातले साहेब उभ्याने खातात.

वजडी, मुंडी, पाय हे शब्द आमच्या वाचकांना माहीत आहेत. ते रांधताना खिडकी लावून घेतल्याचेही अनेकींना आठवत असेल. तेस्ताच्चोतल्या खानावळीत तसलाच वाडगा मानाने समोर येतो, दरपत्रकात वरच्या ओळीत असतो, आणि वाढणारा अभिमानाने सांगतो, हे आमच्या आजीचे. अन्न तेच आहे. त्याकडे पाहणारी नजर माणसे बदलू शकतात, एवढे तिथे दिसते.

इतर पदार्थांचेही असेच आहे. शिळ्या पावाचे तुकडे, राजमा आणि पाला घालून पुन्हा उकळलेली तोस्कानाची 'रिबोल्लिता', डाळी-कडधान्याची पास्ता, मक्याचे घट्ट पिठले म्हणावे असा 'पोलेन्ता' हे सगळे गरिबांचे खाणे. पोलेन्तावरच जगावे लागल्याने उत्तर इटलीतल्या शेतमजुरांना एकोणिसाव्या शतकात पेलाग्रा हा कातडी सोलणारा आणि माणसाला वेडे करणारा रोग होत असे, हेही विसरू नये. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या घरगुती पाककलेची मानवजातीच्या वारशात नोंद झाली. त्या वारशातला मोठा वाटा उपाशी घरांतल्या बायकांचा आहे.

मातेरा : दोन दिवस

२८ तारखेला सकाळी रोमहून आगगाडीने बारीला जावे. चार तासांच्या आसपास लागतात. बारीच्या जुन्या गावात बायका दारात पाट मांडून बोटाने कानाच्या आकाराची पास्ता वळताना दिसतात. उन्हाळ्यात आपल्या आळीत शेवया होतात, तसेच ते दृश्य असते. तिथून लहान रेल्वे मातेराला जाते. सणासुदीला व रविवारी वेळा बदलतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहावे.

मातेरात डोंगराच्या पोटात कोरलेल्या हजारो गुहा आहेत. त्यांना सास्सी म्हणतात. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे पंधरा हजार माणसे राहत होती. एका खोलीत आईबाप, सात-आठ मुले, खेचर, कोंबड्या. नळ नाही, शौचालय नाही, मलेरियाने मुले मरत. कार्लो लेव्ही या लेखकाला मुसोलिनीने या मुलखात हद्दपार केले होते. त्याच्या १९४५ सालच्या पुस्तकाने ही दैना देशापुढे आली. मातेरा ही राष्ट्राची लाज आहे असे पुढारी म्हणू लागले. १९५२ साली कायदा झाला आणि लोकांना नव्या वस्त्यांत हलवले गेले.

१९९३ मध्ये त्याच गुहा युनेस्कोच्या यादीत आल्या. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. आता तिथे गुहेत रात्रीचे जबर भाडे घेणारी हॉटेले आहेत. तिथे राहू नये. वरच्या नव्या गावात स्वस्त खोली घ्यावी आणि खाली उतरून जुन्या सामानासह जपून ठेवलेले गुहेतले घर पाहावे. खेचराची जागा कुठे, मुलांचे पाळणे कुठे, ते दिसते. चार-सहा घरांत एक अंगण, एक पाण्याचे टाके आणि भट्टी सामाईक असे. सामाईक भट्टीत पाव अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का कणकेवर उठवीत. चाळीत वाढलेल्या माणसाला त्या अंगणाची ओढ आणि त्या खोलीचा गुदमर दोन्ही एकदम कळतील. गरिबांना हलवल्यावर त्यांच्या घरांची किंमत कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्नही त्या पायऱ्या उतरताना मनात यावा.

बोलोन्या : चार दिवस

३० तारखेला बारीहून पूर्वेच्या समुद्रकाठाने जाणाऱ्या गाडीने बोलोन्याला यावे. सहाएक तासांचा प्रवास आहे, पण खिडकीतून बराच वेळ समुद्र दिसतो. स्टेशनवर उतरल्यावर भिंतीवरचे एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेले दिसेल. २ ऑगस्ट १९८० रोजी सुट्टीला निघालेल्या माणसांनी भरलेल्या प्रतीक्षागृहात फासिस्ट विचाराच्या लोकांनी बॉम्ब ठेवला. ८५ माणसे मेली. त्यांच्या आठवणीसाठी ते घड्याळ आज त्या वेळेवर थांबवून ठेवले आहे.

या शहराची पहिली गंमत म्हणजे छत असलेले पदपथ. १२८८ च्या नगर-कायद्याने घरमालकांना घरापुढे कमानींची ओसरी बांधणे भाग पाडले. ओसरी मालकाची, डागडुजी त्यानेच करायची, पण खालून चालण्याचा हक्क सगळ्यांचा. अशा ओसऱ्या आज साठ किलोमीटरहून अधिक आहेत आणि २०२१ मध्ये त्या युनेस्कोच्या यादीत आल्या. पावसात, उन्हात न भिजता न तापता गावभर हिंडता येते. आपल्या खासगी दारापुढची जागा परक्यासाठी उघडी ठेवण्याची ही रीत सातशे वर्षे टिकली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १२५६ साली बोलोन्याच्या नगरसभेने आपल्या मुलखातले सुमारे सहा हजार भूदास जमीनदारांना सरकारी खजिन्यातून पैसे मोजून सोडवले. पुढच्या वर्षी त्यांची नावे एका वहीत नोंदली. तिला 'लिबेर पारादीझुस' म्हणजे 'स्वर्गाचे पुस्तक' म्हणतात. स्टेशनमागे महापालिकेच्या नव्या कचेऱ्या आहेत, त्या चौकाला याच पुस्तकाचे नाव दिले आहे. राजांच्या वंशावळी सगळे देश जपतात. गुलामीतून सुटलेल्यांची नावे जपणारे गाव जाऊन पाहण्याजोगे आहे.

तिसरी गोष्ट मुलींसाठी. इथले विद्यापीठ १०८८ पासूनचे मानतात. १७३२ साली लाउरा बास्सी हिने इथे पदवी मिळवली आणि त्याच वर्षी ती इथे अध्यापक झाली. पुढे तिने भौतिकशास्त्र शिकवले. तिच्या शहराच्या रस्त्यांवरून आपल्या लेकीला चालवून आणावे.

जेवणात इथली हाताने लाटलेली पास्ता खावी. ती लाटणाऱ्या बायकांना 'स्फोल्यिना' म्हणतात. त्यांचे लाटणे हातभराहून लांब असते. पुरणपोळी लाटणारी बाई त्यांच्यापुढे उभी राहिली तर भाषा न येताही दोघींची तासभर बोलणी होतील.

मराठी जवानांची आठवण

बोलोन्याहून साध्या गाडीने तासाभरात फोर्ली हे गाव येते. तिथे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी व अग्निसंस्कार झालेल्यांचे स्मारक आहे. एक सकाळ त्यासाठी ठेवावी. वाटेत गाडी सेनियो ही लहानशी नदी ओलांडते. ९ एप्रिल १९४५ रोजी याच नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणले आणि एकट्याने मशिनगनची ठाणी मोडली. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. त्यांच्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये उंब्रियातल्या मोन्तोने गावी सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. आपल्या मातीतल्या शेतकऱ्यांच्या पोरांचे रक्त त्या देशाच्या स्वातंत्र्यात मिसळलेले आहे. तेव्हा तिथे संकोचाने नव्हे, ताठ मानेने फिरावे.

आणि डोळेही उघडे ठेवावेत. संविधानातला सुट्टीचा हक्क आजही सगळ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. रोमच्या दक्षिणेस लातिनाच्या शेतांत हजारो पंजाबी मजूर राबतात. जून २०२४ मध्ये तिथे एका तरुण पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घरापाशी टाकून दिले. तो मेला. नंतर हजारोंचा मोर्चा निघाला. बाजारातली ताजी भाजी पाहताना ती कोणी तोडली, हे आठवावे.

कागदपत्रे आणि खर्च

पासपोर्ट आधी काढावा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण दोन-तीन महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. जून २०२४ पासून मोठ्या माणसास फी ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ४५, त्याहून लहानास नाही. कचेरीचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. ३०,००० युरोंचा औषधोपचाराचा विमा सक्तीचा आहे. बँकेचे पासबुक, पगाराचे किंवा पेन्शनचे कागद, राहण्याची सोय व परतीचा बेत दाखवावा लागतो. दलालाच्या सांगण्यावरून खोटा कागद एकही जोडू नये.

हिशेब करताना युरोचा चालू भाव घ्यावा आणि वर दहा टक्के धरावे. राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास एका वेळचे जेवण घरीच होते. बाजारात तांदूळ, मसूर, भाजी, अंडी सगळे मिळते. घरून मसाला, चटणी, बेसन न्यावे. मांसाचे व दूध-तुपाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून पेढे-लाडू ठेवून जावे. साध्या गाड्यांचे दर ठरलेले असतात. त्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. वेगवान गाड्यांचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त. बसची तिकिटे 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतात. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवावे.

कर्ज काढून मात्र जाऊ नये. मुलीच्या शिक्षणाचा किंवा घराचा पैसा त्यात घालू नये. दोन-तीन कुटुंबांनी मिळून दोन वर्षांची भिशी लावावी, त्या दोन वर्षांत मुलांनी इटलीचा नकाशा व पंचवीस शब्द शिकावेत, आईने कुठे काय खायचे ते वहीत लिहावे. अशी आखणीच निम्मी सहल असते.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनीही एक गोष्ट घ्यावी. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी टीव्ही बंद करून सगळ्या घराने चांगले कपडे घालून वस्तीत फेरी मारावी, म्हाताऱ्यांनी बाकावर बसावे, ओळखीच्या माणसाशी थांबून बोलावे. रजा साचवून शेवटी बुडू देऊ नये, हक्काची आहे ती घ्यावी. विश्रांती ही श्रीमंताची चैन नव्हे. ज्याने दिवसभर घाम गाळला, तिच्यावर पहिला अधिकार त्याचाच आहे.